चाकूची दोरी

आमच्या गावात चाकूला दोरी बांधायची सुरुवात मी केली. त्याआधी लोक चाकू कमरेला खोचत, पिशवीत टाकत, नाहीतर छपराच्या वाशात खुपसून ठेवत. मुठीला भोक पाडून त्यात दोरी ओवावी आणि ती मनगटात अडकवावी, हे पहिल्यांदा सुचलं माझ्या वर्गातल्या गौतमला. बांधून दिली मी. त्या दोरीपायी एक माणूस मेला आणि एक माणूस चौदा वर्षं तुरुंगात राहिला. मेलेल्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं. जो तुरुंगात गेला त्याच्याबद्दल मला जे वाटतं, त्याला वाईट वाटणं म्हणत नाहीत.

आम्ही पटवेकरी. औशाच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात पटवेकऱ्यांचं आमचं एकच घर. नवरदेवाच्या बाशिंगाची झालर, त्याच्या हातातल्या कट्यारीचा गोंडा, बैलांच्या शिंगांचे गोंडे, लेकरांच्या कमरेचे करदोडे, बायकांच्या गळ्यातल्या पोती, सगळं आमच्याकडं व्हायचं. माझे वडील, अण्णा, भिंतीला पाठ टेकून बसत, उजवा पाय लांब करून धागा पायाच्या अंगठ्यात अडकवत आणि दोन्ही हातांनी पीळ घालत. वर्षानुवर्षं धागा ओढून त्या अंगठ्याला खाच पडली होती, तिच्यात ज्वारीचा दाणा बसला असता. आईला आम्ही बाई म्हणायचो. बाई धागा पिळायची चाती फिरवायची. चातीचा भुर्र आवाज, मध्येच थांबणं, पुन्हा भुर्र, असा आमच्या घराचा दिवस जायचा. अंगणात दोरीवर रंगवलेलं रेशीम वाळत असायचं आणि हात धुतले तरी आम्हा सगळ्यांची नखं लाल राहायची. शाळेत मास्तर विचारायचे, कुणाचा खून करून आलास रे? पोरं हसायची. मीही हसायचो.

दुष्काळाच्या त्या वर्षी येसरच्या आमटीतलं तेल आधी गेलं, मग भाकरी अर्धी झाली, मग भाकरीच्या जागी हुलग्याचं माडगं आलं. पुढं ढकललेल्या लग्नांबरोबर बाशिंगं थांबली. बैल विकले गेले, तशी शिंगांच्या गोंड्यांची मागणी थांबली. औशाच्या बाजारात मी एका बैलाला ट्रकवर चढवताना बघितलं. तो फळीवर पाय ठेवीना. दोघांनी शेपूट धरून पिळली, पिळत राहिले आणि ती मोडली. हिरवी काडी मोडावी तसा आवाज झाला. बैल चढला. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "जेव गप." त्यांना त्या वर्षी कुठलीच गोष्ट ऐकवत नव्हती.

त्याच सुमारास आमचा जिल्हा बदलला. लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं. शाळेच्या आणि चावडीच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून त्यावर लातूर रंगवलं, तो रंग वाळेपर्यंत पोरं बोटं लावून बघत होती. चहाच्या हॉटेलात म्हातारे म्हणायचे, आता जिल्हा जवळ आला, पाणी बी जवळ येईल. पाणी टँकरनं यायला लागलं, एवढं खरं.

माझ्याआधी आईबापांना एक मुलगा झाला होता. अण्णांनी त्याच्यासाठी गळ्यातला गोफ स्वतः विणला होता, सगळ्यात चांगल्या रेशमाचा, हत्ती बांधला तरी तुटणार नाही असा. तो गोफ पाळण्याच्या आकडीत अडकला. बाई पाणी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा लेकरू निळं पडलं होतं. हे मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. पण त्या दिवसापासून अण्णांनी माणसाच्या अंगावर चढणारी कुठलीही दोरी सबंध विणली नाही. गळ्याचा गोफ असो, हातातला दोरा असो की कमरेचा करदोडा, त्यात एका जागी बोटभर अंतर कच्च्या सुताचं सोडायचं आणि वरून रेशीम असं गुंडाळायचं की दिसू नये. झटका बसला की दोरी तिथंच तुटली पाहिजे. ग्राहकाच्या हातात द्यायच्या आधी अण्णा ती स्वतः झटकून तोडून बघत आणि पुन्हा नव्यानं जोडत. मी एकदा कंटाळा करून कच्चा धागा घातला नव्हता. अण्णांनी तोच करदोडा दुहेरी करून माझ्या पाठीवर ओढला, सात-आठ वेळा, आणि मग स्वतःच बाहेर जाऊन बसले.

गौतम बौद्धवाड्यातला. आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात होतो. त्याला बाप नव्हता. आई सोजरबाई, तिला सगळे सोजरमाय म्हणत, मिळेल त्या मजुरीला जायची. दुष्काळात चारा संपला तसे लोक शेळ्यांना झाडपाला घालू लागले, आणि झाडावर गौतमसारखा चढणारा गावात दुसरा नव्हता. लिंब, हिवर, बाभूळ, काहीही. लोहारानं ट्रकच्या कमानपाट्याचा वीतभर पात्याचा चाकू त्याला करून दिला होता. तो तोंडात धरून गौतम वर जायचा आणि वरून डहाळ्या सोडायचा. खाली शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून वाट बघत.

एके दिवशी पाटलाच्या लिंबावर असताना घामानं हात घसरला आणि चाकू खाली पडला. तो पाटलाच्याच एका गाभण शेळीच्या पाठीत, मणक्याशेजारी रुतला. शेळी मेली नाही, मागचे पाय ओढत गोल गोल फिरत ओरडत राहिली. पाटलाचा मुलगा बाळू, आमच्याच वयाचा, तिथंच होता, आणि मीही. त्यानं गौतमला खाली उतरायला लावलं आणि गौतमनंच तोडलेल्या लिंबाच्या फोकानं झोडलं. फोक मोडला की दुसरा घ्यायचा. गौतमनं दोन्ही हात डोक्यावर घेतले होते म्हणून दंडांची कातडी गेली. शेवटी बाळूनं एक दगड उचलला. मला वाटलं, आता संपलं. तो दगड त्यानं शेळीच्या डोक्यात घातला.

तिसऱ्या दिवशी गौतम आमच्या ओट्यावर आला. दंडाला हळद लावलेली, त्यावर माशा.

"वैजा," तो म्हणाला, "ह्याच्या मुठीला दोरी ओवून दे बे, मनगटात अडकवायला. हात सुटला तरी चाकू सुटायला नको."

"बांधू की. मनगटात फास."

"तुटंल ना तुझा रेशीमधागा."

"तुटणार न्हाई अशी देतो."

नांदेडला गोदावरीच्या काठी भोई लोक जाळी विणतात, तो नायलॉनचा धागा मी एकदा हौसेनं आणून ठेवला होता. अण्णा त्याला हात लावत नसत. मी तो चारपदरी विणला, मुठीच्या भोकातून काढला, आणि फासाला अशी गाठ दिली की जितकं ओढाल तितकी ती आवळत जाईल. ती गाठ मीच बसवली होती आणि तिचा मला फार अभिमान वाटत होता. कच्चा धागा मी घातला नाही. झाडावर दोरी तुटली तर ती काय कामाची, असा माझा विचार. आणि गाठीच्या टोकाला मी गोंडा लावला. लाल-हिरवा, अंगठ्याएवढा जाड, चार बोटं लांब.

गौतम हसला. "गोंडा कशाला? नवरदेवाची कट्यार हाय का ही?"

"असू दे. लोकं इचारतील, कुणी केला म्हणून."

लोकांनी विचारलं. महिन्याभरात गावातल्या निम्म्या पोरांना चाकूला दोरी पाहिजे होती. त्यातला एकही झाडावर चढणारा नव्हता. हॉटेलासमोर उभं राहून ते चाकू मनगटावर गरगर फिरवत, सोडत, पुन्हा पकडत. कुणी गोंड्यात घुंगरू लावून मागितलं. लग्नं थांबलेल्या घरात मी कमावता झालो. मग बसथांब्यावर एकानं असाच फिरवताना शेजारच्याच्या कानाची पाळी उतरवली आणि ती गोष्ट अण्णांच्या कानावर गेली. त्यांनी माझ्या पेटीतली एक तयार दोरी काढली, पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि झटका दिला. दोरी तुटली नाही. अंगठ्यातून रक्त आलं.

"कच्चा धागा कुठंय?"

"चाकूला कशाला? चाकू काय लेकरू हाय का?"

अण्णांच्या हातात चाती होती. ती त्यांनी माझ्या तोंडावर मारली. समोरचा अर्धा दात तेव्हा गेला, तो अजून तसाच आहे. बाई मध्ये पडली. अण्णांनी ती दोरी माझ्यापुढं धरली.

"दोरीच्या ह्या टोकाला चाकू हाय," ते म्हणाले. "त्या टोकाला कोण हाय? सांग ना, कोण हाय?"

मी तोंडातलं रक्त थुंकलं. ज्या दोऱ्या गेल्या होत्या त्या परत घ्यायला मी गेलो नाही. गौतमकडेही गेलो नाही.

टँकरचं पाणी पाटलाच्या विहिरीत सोडत. विहीर तळाला गेलेली, त्यामुळं टँकर ओतला की गढूळ पाणी गुडघ्याइतकं व्हायचं आणि सगळं गाव पोहरे घेऊन काठावर तुटून पडायचं. बौद्धवाड्यातल्या बायकांनी पलीकडच्या बाजूला घागरी मांडून बसायचं. गावाचं झालं की कुणीतरी वरून त्यांच्या घागरीत ओतायचं. हे असंच चालत आलं होतं. मी रोज ते बघायचो आणि माझी घागर भरून घरी न्यायचो.

त्या दिवशी टँकर दुपारी आला आणि अर्धाच आला. सोजरमाय सकाळपासून उन्हात बसली होती. गावाचं भरून होईपर्यंत तळ दिसायला लागला. तेव्हा ती उठली, कठड्यापाशी आली आणि तिनं स्वतःचा पोहरा विहिरीत सोडला. मग बाळू पुढं आला. त्यानं तिच्या हातातली दोरी हिसकली आणि पोहऱ्यासकट विहिरीत टाकून दिली.

"माझं पाणी काढ वर," सोजरमाय म्हणाली.

"तुझं? तुझं कुठून आलं इथं?"

"सरकारचं हाय. टँकर तुज्या बापाचा न्हाई."

बाळूनं तिच्या कमरेत लाथ घातली. ती कठड्याच्या दगडावर तोंडावर पडली. तोंडातून रक्त यायला लागलं.

गौतम शंभर पावलांवरच्या लिंबावर होता. तो उतरला कसा हे मला दिसलं नाही. दिसला तो पळत येताना. उजव्या मुठीत चाकू, मनगटात माझी दोरी, डाव्या हातात अजून लिंबाची डहाळी. ती डहाळी टाकायचंही त्याला सुचलं नव्हतं. त्यानं बाळूची गचांडी धरली. दोघं एकमेकांना ढकलत कठड्याला भिडले. कुणीतरी ओरडलं, "चाकू हाय! चाकू हाय!" आणि गर्दी मागं सरकली. मी सरकलो नाही, कारण माझी भरलेली घागर तिथं होती. मी त्यांच्यापासून दहा हातांवर होतो.

चाकू हा शब्द गौतमच्या कानावर पडला तेव्हा त्यानं आधी स्वतःच्या हाताकडं बघितलं. त्याचा चेहरा मला आठवतो. आपल्या हातात काय आहे हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं बाळूची गचांडी सोडली, दोन पावलं मागं झाला, दोन्ही हात वर केले आणि उजवी मूठ उघडली. पाची बोटं फाकवलेली होती. मी हे बघितलं. चाकू खाली पडायला हवा होता. तो पडला नाही. मनगटाला लोंबकळत राहिला, उन्हात चमकत, आणि गोंडा त्याच्याशेजारी हलत होता.

बाळूनं झेप घेऊन गोंडा धरला. धरायला गोंडा चांगलाच जाड होता. चाकू काढून घ्यावा म्हणून त्यानं खाली ओढलं. जितकं ओढलं तितका फास आवळला. गौतम ओरडला, "सोड, हात तुटायलाय!" बाळू सोडेना. आजूबाजूला सांडलेल्या पाण्यानं फरशी निसरडी झाली होती. बाळूचा पाय गेला, गौतमचा हात त्याच्याबरोबर खेचला गेला आणि दोघं एकमेकांवर कोसळले. उठला तो एकटा गौतम. चाकू बाळूच्या जांघेतून बाहेर येताना गौतमच्याच मनगटाबरोबर आला आणि मागोमाग रक्त आलं. मी शेळ्या, कोंबड्या कापताना बघितल्या होत्या. असं रक्त बघितलं नव्हतं. ते थांबून थांबून, उसळी मारून येत होतं. बाळू दोन्ही हातांनी जांघ दाबून म्हणत होता, "माय, माय, धरा गं कुणीतरी." त्याला टँकरच्या केबिनमध्ये घालून औशाकडं नेलं. तो वाटेतच गेला.

इकडं गावानं गौतमला धरलं. काठ्या होत्या, पोहऱ्याच्या दोऱ्या होत्या, घागरी होत्या. पितळी घागर माणसाच्या पाठीवर मारली की ती वाजते, हे मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी त्याच्या मनगटावरून चाकू ओढायला गेला, निघेना म्हणून हातावर पाय देऊन पिरगाळला आणि मनगट मोडलं. मी मारलं नाही. हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो, की मी मारलं नाही. मी माझी घागर उचलून बाजूला ठेवली होती, सांडू नये म्हणून.

हवालदार आला तेव्हा गौतम चावडीच्या खांबाला बांधलेला होता. मनगट सुजून दोरी मांसात रुतली होती आणि चाकू अजून त्याला लटकत होता. कुणीतरी कात्री आणली. हवालदार म्हणाला, "कापू नका. मुद्देमाल हाय. कुणी बांधलंय हे?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हाडाची सुई घेऊन गुडघ्यावर बसलो. माझीच गाठ मला सुटेना. सुईचं टोक मला दोरीखाली, सुजलेल्या कातडीतून घालावं लागलं. गौतमचा एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्यानं तो माझ्याकडं बघत होता.

"वैजा, म्या मूठ उघडली व्हती," तो हळू म्हणाला. "तू बघितलं ना?"

"हाव."

"सांगशील ना?"

"हाव," मी म्हणालो.

दिवस मावळायच्या आत बौद्धवाड्यातली घरं पेटवली. सोजरमाय आणि बाकीची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी कंधारकडच्या नातेवाइकांकडं निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिकडं गेलो तर जळालेल्या वाशांमध्ये एक शेळी अजून खुंट्याला बांधलेलीच होती. ती तशीच बसली होती, फक्त काळी झाली होती.

पाटील आमच्याकडं आले ते पंधराएक दिवसांनी. बाळूचे वडील. पांढरं धोतर, डोळे सुजलेले. ओट्यावर बसले. अण्णांनी पाणी दिलं ते प्यायले. बराच वेळ एक गोंडा हातात घेऊन त्याचे धागे बोटांनी विंचरत राहिले.

"कला हाय पोराच्या हातात," ते अण्णांना म्हणाले. मग मला, "वैजनाथ, गर्दी लई व्हती त्या दिवशी. तुला काय दिसलं नसंल."

मी हातातला धागा गुंडाळत राहिलो.

"माझं एकच व्हतं बाबा," ते म्हणाले आणि रडायला लागले. ते खरं रडणं होतं. धमकी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाड्यातली माणसं तर गेली निघून. आता गावात आपणच ऱ्हायलो. आपल्याला एकमेकाला धरून ऱ्हावं लागतंय."

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "जे डोळ्यानं बघितलंस तेच बोल. गाव सोडावं लागलं तर सोडू. गोंडे कुठं बी बांधता येतात."

म्हणून मी हे कुणावर ढकलू शकत नाही. मला वाट मोकळी करून दिलेली होती.

खटला लातूरला उभा राहिला. नव्या जिल्ह्याच्या कोर्टात तेव्हा सगळंच ताजं होतं, भिंतींना चुन्याचा वास, खुर्च्यांवरची नावं अजून ओली. गौतम पिंजऱ्यात होता. मोडलेलं मनगट वाकडं जुळलं होतं. तो माझ्याकडं असा बघत होता, जसं एखादा माणूस बसची वाट बघत असावा आणि बस वळणावर दिसावी. टेबलावर चाकू होता, दोरीसकट. गोंड्याचा लाल आणि हिरवा दोन्ही रंग काळे झाले होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, "ही दोरी तुम्ही बनवली?"

"हो."

"कशासाठी असते ही?"

"चाकू हातातून सुटू नये म्हणून."

"अशी मागणी कुणी केली होती?"

"यानं."

तिन्ही उत्तरं खरी होती. मग गौतमचा वकील उठला. तरुण होता, काळा कोट त्याला मोठा होत होता. त्यानं विचारलं, "आरोपी पाला तोडायला झाडावर चढायचा. ही दोरी त्यासाठी मागितली होती, बरोबर?"

मागच्या बाकावर पाटील बसले होते आणि अर्धं गाव बसलं होतं. मी त्या अर्ध्या गावाचे चेहरे बघितले. त्यांच्यात मला उद्या राहायचं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"त्यानं मूठ उघडली होती. तुम्ही दहा हातांवर होतात. बघितलं ना तुम्ही?"

"गर्दी होती. मला दिसलं नाही."

पाटलांनी वापरलेलेच शब्द माझ्या तोंडून आले. कारकुनानं ते लिहून घेतले. मी पिंजऱ्याकडं बघितलं नाही, तरी तिकडून एक आवाज आला. ते बोलणं नव्हतं. ठसका लागल्यासारखा आवाज होता.

पुढं निकाल ऐकून आलेल्या माणसानं हॉटेलात सांगितलं की सगळं दोरीवर गेलं. माणूस चाकू हाताला बांधून आला, म्हणजे तो मारायचं ठरवूनच आला. अपघातानं लागला म्हणणाऱ्याचा चाकू असा बांधलेला नसतो. जन्मठेप.

लातूरहून परतताना अण्णा बसमध्ये माझ्याशेजारी बसले नाहीत. जागा होती तरी दारापाशी उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी माझी पेटी चुलीत घातली. नायलॉन जळताना ठिबकतो, आणि ठिबकताना त्याचा बारीक सूं आवाज होतो. "आजपासून धाग्याला हात लावायचा न्हाई," एवढंच ते बोलले. मी लावला नाही. मी कारकून झालो, बदल्या घेत देगलूरपर्यंत फिरलो, लग्न केलं, मुलं वाढवली. अण्णा गेले तेव्हा मी त्यांच्या खाटेशेजारी होतो. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं, पण माझ्या हातचं पाणीही त्यांनी कधी मागितलं नाही.

गौतम सुटून नांदेडला राहतो हे मला फार आधी कळलं होतं. जायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणणार नाही. वेळ भरपूर होता. बायको गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी बसमध्ये बसलो आणि गेलो. अरुंद गल्ली, पत्र्याची आणि सिमेंटची घरं एकमेकांना लागून. गौतम दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होता. केस पांढरे झालेले. मी त्याचं नाव घेतलं तेव्हा त्यानं मला ओळखलं.

"तोंड उघडल्याबिगर कळंना आधी," तो म्हणाला. "दात बघितला आन् म्हटलं, वैजाच हाय."

मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. पाठ करून आलो होतो. दोन वाक्यांनंतर त्यानं हात वर केला.

"मला कशाला सांगायलास? मला म्हाईत न्हाई का? मी तिथंच व्हतो."

"तरी सांगायचं होतं, गौतम."

"मग मायला सांग. हाय ती आत."

सोजरमाय अजून आहे हे मला माहीत नव्हतं. आत खाटेवर ती बसली होती, ओंजळीत मावेल एवढी. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, माय, मी वैजनाथ, पटवेकऱ्याचा. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"मोठ्यानं," गौतम दारातून म्हणाला. "डाव्या कानानं तर कायच न्हाई. त्या दिवशी घागर बसली व्हती."

मी मोठ्यानं म्हणालो, "मी कोर्टात खोटं बोललो."

"काय म्हंतो ह्यो?"

मी ओरडलो. "मी खोटं बोललो! त्यानं मूठ उघडली होती! मी बघितलं होतं! दोरी झाडावर चढायला होती, ती मीच बांधली होती!"

समोरच्या घरातलं कपडे धुणं थांबलं. दारात दोन बायका आल्या, मग शाळेच्या कपड्यातली एक मुलगी, मग आणखी कुणी. कोर्टातल्या बाकांपेक्षा कमी माणसं होती, पण मला ती जास्त वाटली. घसा एवढ्यातच बसला होता.

सोजरमायनं त्यांच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"म्या बी सांगितलं व्हतं जज्जाला," ती म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत होता. "आईच हाय, म्हणले, आई तसंच बोलनार. आनखी कुनी बघितलं का, म्हणले. म्या तुजं नाव घेतलं व्हतं."

हे मला माहीत नव्हतं. तिची साक्ष माझ्याआधी झाली, तेव्हा मला बाहेर बसवलं होतं.

"पुन्यांदा सांग," ती म्हणाली. "ती मागं उभी हाईत त्यांना आलं नसंल ऐकायला."

मी उठून दाराकडं तोंड केलं आणि पुन्हा सांगितलं, सुरुवातीपासून. गौतमनं पेपरची घडी घातली आणि तो जमिनीकडं बघत राहिला. शाळेतल्या मुलीनं शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं आणि बाईनं तिला गप्प केलं. माझं संपलं. मी परत वळलो. मला वाटतं, मी वाट बघत होतो.

सोजरमायनं खाटेवर पाय वर घेतले आणि लुगडं सारखं केलं.

"झालं न्हवं?" ती म्हणाली. "आता जा."